डब्यातलं प्रोटीन आणि पातेल्यातलं प्रोटीन

"डॉक्टर, अशक्तपणा आहे, ताकदीची एखादी पावडर लिहून द्या." वाशीम जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात दिवसातून दोन-चार वेळा ऐकू येणारं हे वाक्य. आणि आम्ही डॉक्टर बरेचदा ती लिहूनही देतो. पेशंट खूश होतो, मेडिकलवाला खूश होतो. मला मात्र ही सवय साफ चुकीची वाटते.

आपल्या जिल्ह्यात रिसोडपासून कारंज्यापर्यंत खरिपात काय दिसतं? सोयाबीन आणि तूर. हे सोयाबीन पोत्यांनी बाजार समितीत जातं, तेल निघतं, उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्याच सोयाबीनचं प्रोटीन अनेक पावडरींमध्ये घातलेलं असतं. म्हणजे आपण पोत्याने विकलेला माल चमच्याने विकत घेतो, तोही साखर आणि व्हॅनिलाचा वास लावून. डब्याच्या मागचं कोष्टक एकदा वाचा. साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन यादीत अगदी वर दिसलं, तर मधुमेह असलेल्याने तो डबा तिथेच ठेवावा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. याच संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असंही सांगितलं आहे.

हल्ली तरुण मुलं मोबाइलवर 'व्हेज चिली' बघतात आणि विचारतात, हे हेल्दी आहे का? अहो, ती राजम्याची उसळच आहे! मूळ टेक्सासकडचा मांसाचा रस्सा, त्यातलं मांस काढून राजमा वाढवला की झाली व्हेज चिली. राजमा, टोमॅटो, मिरची हे तिन्ही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आले. त्यामुळे परकं म्हणून नाक मुरडू नका आणि विलायती म्हणून डोक्यावरही घेऊ नका.

चार माणसांसाठी 200 ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा. सकाळी ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ शिजवा. दाणा दोन बोटांत दाबला की पीठ झालं पाहिजे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. अर्धवट शिजलेल्या राजम्याने काही तासांत उलट्या-जुलाब होतात. उकळी येऊ न देता मंद आचेवर शिजवत ठेवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. नीट खळखळून उकळला की भीती नाही. 50 ग्रॅम सोयावडी गरम पाण्यात भिजवून, पिळून, बारीक करून घ्या. दोन चमचे तेलात जिरं, भरपूर लसूण, दोन कांदे, तीन टोमॅटो परता. तिखट, धनेपूड, हळद घाला. मग राजमा आणि वडी घालून पंधरा मिनिटं शिजू द्या. वरून लिंबू. राजमा महाग वाटला तर बरबटी किंवा मटकी घ्या, काही बिघडत नाही.

तर्री मात्र नको. आपल्याकडे वर तेलाचा लाल थर आल्याशिवाय रस्सा झाला असं कुणाला वाटतच नाही. मोठा चमचाभर तेल म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी. तिखटाने जे काम होतं त्यासाठी तेल कशाला?

या भांड्यातून प्रत्येकाला साधारण 16 ग्रॅम प्रोटीन मिळतं. सोबत ज्वारीच्या दोन भाकरी घेतल्या की एका जेवणात पंचवीसच्या वर, म्हणजे दिवसाची निम्मी गरज. शिवाय चोथा आणि लोह. लिंबामुळे ते लोह चांगलं शोषलं जातं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. बी-12 मात्र यात नाही, त्याची कमतरता असेल तर गोळी किंवा इंजेक्शन हवंच.

"कडधान्याने युरिक ॲसिड वाढतं" असं सांगून उसळ बंद करणारे सल्लागार गावोगाव आहेत. अमेरिकेत 47 हजारांहून जास्त पुरुषांचा 12 वर्षं मागोवा घेतला गेला, तो अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, प्युरीन असलेल्या भाज्या-कडधान्यांमुळे वाढला नाही. गॅसची तक्रार खरी असते, पण अर्ध्या वाटीपासून सुरुवात केली की दोन-तीन आठवड्यांत पोट बहुधा जुळवून घेतं.

किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र हे वाचून उसळ सुरू करू नये. त्यांचं प्रोटीन आणि पोटॅशियम मोजून ठरवावं लागतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयावडी यात चार तासांचं अंतर ठेवावं. टीबी, कॅन्सर किंवा मोठ्या ऑपरेशननंतर ज्यांना जेवणच जात नाही, त्यांना पावडरचा उपयोग होतो. बाकीच्यांनी पुढच्या वेळी चिठ्ठीवर पावडर दिसली, तर डॉक्टरांना विचारावं: "ही नेमकी कशासाठी, आणि किती दिवस?"