मंत्रचळ आणि चुंबक

आमच्या आत्याबाईंचे हात पाण्यानें भेगाळलेले असत. सोंवळ्यांत असतांही त्या पुनःपुन्हा हात धूत. आपण व्यर्थ धूत आहों हें त्यांस कळे, परंतु थांबणें साधत नसे. कोणी त्यांस कर्मठ म्हणे, कोणी हंसे. हंसणारांत आम्हीही होतों. वाचकहो, मंत्रचळ हा रोग आहे हें आम्हांस फार उशिरां कळलें.

बदलत्या चुंबकशक्तीपासून वीज उत्पन्न होते, हें फॅराडेनें १८३१ सालीं दाखविलें. त्याच तत्त्वावर १९८५ सालीं इंग्लंडांत शेफील्ड येथें अँथनी बार्कर ह्यांनीं कवटी न उघडतां मेंदूस चेतना दिली. ह्या उपायाच्या एका खोलवर पोहोंचणाऱ्या प्रकारास अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें मंत्रचळासाठीं २०१८ सालीं अनुमति दिली. डोक्यावर शिरस्त्राणासारखें यंत्र बसवितात. नवल असें कीं, तें सुरू करण्यापूर्वीं रोग्याच्या मनांतील नेमकी तीच शंका मुद्दाम जागी करितात! सहा आठवड्यांत २९ बैठका होतात. ९९ रोग्यांवरील परीक्षेंत खऱ्या उपचारानें शेंकडा ३८ जणांस, तर नुसत्या देखाव्यानें शेंकडा ११ जणांस बराच उतार पडला. तेव्हां हा रामबाण नव्हे. औषधें आणि शंका सोसण्याचा अभ्यास हे उपाय आधीं करावयाचे. डोक्यांत धातूचा तुकडा असल्यास, किंवा फेफरें येत असल्यास, डॉक्टरांस तें प्रथम सांगावें.

आत्याबाई १९७९ सालीं वारल्या. तेव्हां हें यंत्र नव्हतें. नळ बंद करून त्यांच्यावर ओरडणारे मात्र आम्हीच.