बर्फावरचा वेग आणि हातातला आकडा

उपग्रहांनी सांगितलेला वेग बहुधा खरा असतो. तो कशासाठी पाहिला जातो, हा खरा प्रश्न.

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि सीमेपलीकडच्या कॅनडात हिवाळा मुरला, की तळी दगडासारखी गोठतात आणि त्यांवर स्नोमोबाइल धावू लागतात. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद फिरता पट्टा आणि वर मोटारसायकलसारखी बैठक, असे हे वाहन. क्युबेकच्या जोसेफ-आर्मांद बोम्बार्दिए यांनी १९५९ मध्ये ‘स्की-डू’ हे हलके स्नोमोबाइल बाजारात आणले आणि बर्फाळ प्रदेशातील गरजेचे वाहन बघता बघता हौसेचे झाले. आजची ताकदवान यंत्रे ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरचा टप्पा ओलांडू शकतात. साहजिकच कोणाचे यंत्र किती पळते, यावर पैजा लागतात. पूर्वी साक्षीला यंत्रावरचा स्पीडोमीटर असे, आता खिशातले जीपीएस यंत्र असते. दोघांची साक्ष मात्र जुळत नाही. स्पीडोमीटर १०० म्हणतो, तेव्हा जीपीएस नव्वदीतच घुटमळत असते. मग खोटे कोण बोलते?

मोटारीत बसून फोनवरचा वेग पाहणाऱ्यांना असाच, पण लहान फरक दिसतो. काट्यापेक्षा फोनवरचा आकडा दोन-चार किलोमीटरने कमी असतो. मोटारीचा काटा प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी आकडा कधीही दाखवता कामा नये, असा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने उत्पादक तो थोडा वरच ठेवतात. स्नोमोबाइलची गोष्ट याहून वेगळी आहे. तिचा स्पीडोमीटर पट्टा फिरवणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. म्हणजे तो सांगतो पट्ट्याचा वेग, वाहनाचा नव्हे. डांबरी रस्त्यावर चाक आणि जमीन यांची घट्ट पकड असते, म्हणून हा हिशेब चालून जातो. बर्फावर पट्टा घसरतो. भुसभुशीत बर्फात आणि काचेसारख्या गुळगुळीत थरावर जोर लावला, की पट्टा गरगर फिरतो आणि वाहन त्याच्या मागे रेंगाळते. काटा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेलाच प्रश्न वेगळा असतो.

जीपीएसला या पट्ट्याशी काही देणेघेणे नाही. अनेकांची समजूत अशी, की हे यंत्र दर सेकंदाला आपली जागा ठरवते आणि दोन जागांमधल्या अंतरावरून वेग काढते. तसे असते तर त्याच्यावर भरवसा ठेवणे कठीण होते. मोकळ्या आकाशाखालीही जागेत चार-पाच मीटरची चूक होऊ शकते. एका सेकंदात पाच मीटरची चूक म्हणजे ताशी १८ किलोमीटरची गफलत. प्रत्यक्षात बहुतेक यंत्रे वेगासाठी डॉप्लर परिणाम वापरतात. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी तीव्र आणि दूर जाणारीची खोल वाटते, तेच तत्त्व. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर संदेश पाठवत असतात. उपग्रहाच्या दिशेने यंत्र सेकंदाला एक मीटर सरकले, तरी ही वारंवारता सुमारे सव्वापाच हर्ट्झने बदललेली जाणवते. उपग्रहांची स्वतःची गती आधीच ठाऊक असते. ती वजा केली, की उरतो तो धारकाचा वेग.

म्हणूनच स्थिर वेगाने आणि मोकळ्या आकाशाखाली जाताना हातात मावणाऱ्या साध्या यंत्राची चूक ताशी पाव किलोमीटरच्याही आत राहू शकते. मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संदेशात मुद्दाम बिघाड मिसळत असे. तो बंद झाल्यावर सामान्य ग्राहकाच्या हातातली यंत्रे एका रात्रीत कितीतरी नेमकी झाली. चहूबाजूंनी आभाळ उघडे असलेले गोठलेले तळे ही तर जीपीएससाठी आदर्श जागा. तेव्हा स्पीडोमीटर आणि जीपीएस यांच्या भांडणात निकाल जीपीएसच्याच बाजूने द्यावा लागतो.

पण या निकालाला अटी आहेत आणि पैजा लावणारे नेमक्या त्याच विसरतात. पहिली अट स्थिरतेची. यातली बरीच यंत्रे सेकंदाला एकदाच आकडा बदलतात आणि तो डळमळू नये म्हणून आधीच्या आकड्यांशी सांधून दाखवतात. वेग झपाट्याने वाढत असेल, तर पडदा मागे राहतो. पाच-दहा सेकंद एकाच वेगाने गेल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. दुसरी अट मोकळ्या आभाळाची. देवदाराच्या रानातून वळणावळणाने जाणाऱ्या वाटेवर संदेश तुटतो, अडथळ्यांवर आपटून फिरून येतो आणि एखाद्या क्षणी भलताच आकडा उमटतो. यंत्राच्या स्मरणात ‘कमाल वेग’ म्हणून नेमका तोच जाऊन बसतो. मित्रांना अभिमानाने दाखवला जाणारा आकडा पुष्कळदा असा एका क्षणाचा अपघात असतो. तिसरी अट यंत्र घट्ट बसवण्याची. हातात धरलेले यंत्र हाताचा झोकाही मोजते. सेकंदाला एक मीटरचा झोका म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरची भर. चौथी गोष्ट चढउताराची. अनेक यंत्रे फक्त आडवा वेग दाखवतात, त्यामुळे ३० अंशांच्या उतारावर आकडा खऱ्यापेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी येतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत साध्या अल्कलाइन बॅटऱ्या लवकर मान टाकतात. तेथे लिथियमच्याच बॅटऱ्या टिकतात.

इथवरची चर्चा मोजमापाची. खरा धोका त्यापुढे आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. स्नोमोबाइलचा ब्रेक पट्ट्याला थांबवतो. पुढच्या स्कींना ब्रेक नसतो. गुळगुळीत बर्फावर घाबरून ब्रेक करकचून दाबला, की पट्टा जागीच अडकतो आणि स्पीडोमीटर शून्याकडे येतो. वाहन मात्र त्याच वेगाने घसरत पुढे जात असते. वेग घेताना फुशारकीपुरता चुकणारा काटा इथे जिवाशी खेळणारी चूक करतो. जीपीएसचा आकडा सेकंदभर मागे असला, तरी तो तेव्हाही खऱ्याच्या जवळ असतो. या छोट्या यंत्राचा खरा उपयोग हा आहे. थांबायला किती जागा लागते, हे सुरक्षित आणि निर्मनुष्य जागी कमी वेगात आजमावून पाहण्यासाठी ते वापरले पाहिजे.

कारण थांबण्याचे गणित निर्दय आहे. मिनेसोटात सार्वजनिक जागांवर आणि तळ्यांवर स्नोमोबाइलला ताशी ५० मैलांची, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगात धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या दीड सेकंदात वाहन ३३ मीटर पुढे गेलेले असते. बर्फावरचे घर्षण डांबरी रस्त्यापेक्षा कितीतरी कमी. घर्षणांक ०.२ धरला, तर पुढे थांबायला आणखी सव्वाशे मीटर लागतात. वेग दुप्पट केला, की हे दुसरे अंतर चौपट होऊन ५०० मीटरवर जाते. रात्री दिव्याचा झोत मात्र काही दहा मीटरच पोहोचतो. विस्कॉन्सिनने रात्रीसाठी ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे. आणि या सगळ्या धांदलीत चालकाने पडद्यावरचा आकडा पाहायला एक सेकंद मान खाली घातली, तर ताशी १६० किलोमीटरला ४४ मीटर आंधळेपणाने कापले जातात.

शरीरालाही वेगाची किंमत मोजावी लागते. उणे १५ अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३१ अंशांसारखी झोंबते, असे कॅनडा व अमेरिकेत वापरले जाणारे सूत्र सांगते. अशा थंडीत उघडे गाल आणि कानाच्या पाळ्या अर्ध्या तासाच्या आत हिमदाहाला बळी पडू शकतात. वारा निसर्गाचा आहे की यंत्राच्या धावेचा, हे त्वचेला कळत नाही.

आपल्या जीपीएसवर ‘फक्त’ ९० दिसले, म्हणून १०० गाठण्यासाठी आणखी जोर लावणाऱ्याला अचूक मोजमापाने शहाणे केले नाही, बेफिकीरच केले. आपण समजत होतो त्यापेक्षा हळू जात आहोत, ही माहिती त्याला परवान्यासारखी वाटते. वास्तविक बर्फ, झाड किंवा समोरून येणारा दुसरा चालक यांतले कोणीच स्पीडोमीटर पाहून आघात ठरवत नाही. आघात ठरतो तो खऱ्या वेगाच्या वर्गावर. काटा १०० दाखवत असताना खरा वेग ९० असला, तर तो ९० पुरेसा घातक असतो.

या यंत्रांना दोष देण्याचे कारण नाही. हजारो किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारा क्षीण संदेश ऐकून तळहाताएवढी वस्तू इतका नेमका वेग सांगते, हे विज्ञानाचे मोठे देणे आहे. काश्मीरमध्ये गुलमर्गच्या बर्फात स्नोमोबाइलची सैर करणाऱ्या मराठी पर्यटकाच्या खिशातला फोनही हेच करत असतो. स्नोमोबाइल क्लबांनी आणि प्रशिक्षण वर्गांनी जीपीएसचा वापर कमाल वेगाच्या याद्यांपुरता न ठेवता थांबण्याच्या अंतराच्या सरावासाठी करायला हवा. किती वेगाने पळालो, याचे उत्तर उपग्रह देतील. वेळेवर थांबता येईल का, याचे उत्तर चालकालाच द्यायचे असते आणि तेही निघण्यापूर्वी.