अश्वशक्ती नियमांनी मारलेली नाही

प्रदूषणाच्या नियमांनी स्पोर्ट्स सेडानचा जीव घेतला, अशी ओरड सतत होते. ती मनापासूनची आहे, पण आकडे तिच्या बाजूने नाहीत. २००७ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम३मध्ये चार लिटरचे व्ही८ इंजिन होते. अश्वशक्ती ४२०, तीही मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर, म्हणजे इंजिन अगदी शेवटपर्यंत पिळल्यावर. २०१४च्या एम३ला अधिक कडक चौकटीत बसायचे होते. इंजिन तीन लिटरवर आले, दोन टर्बो बसले, अश्वशक्ती ४३१ झाली. टॉर्क तर ४०० वरून ५५० न्यूटन-मीटरवर गेला आणि १,८५० फेऱ्यांपासूनच हाताशी आला. अश्वशक्ती म्हणजे शेवटी टॉर्क आणि फेऱ्यांचा गुणाकार. फेऱ्यांची वाट महाग झाली, तेव्हा अभियंत्यांनी टॉर्कची धरली.

यावर हमखास अमेरिकेचा दाखला येतो: सत्तरच्या दशकात तिथल्या गाड्यांची ताकद कोसळली, ती नियमांमुळेच ना? दाखला खरा, निष्कर्ष अर्धा. काही घसरण निव्वळ मोजण्याच्या पद्धतीतली होती. १९७१पर्यंत एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर काढून इंजिन मोजत. १९७२पासून हे सगळे जोडून मोजू लागले. उरलेली घट खरी होती. पण ती जुन्या इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवून, कार्बुरेटर तसाच ठेवून नियम भागवल्याची किंमत होती. धूर स्वच्छ करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हवा आणि पेट्रोल वजनाने १४.७ ला १ याच प्रमाणाच्या आसपास लागते. कार्बुरेटरला इतका बारीक हिशेब जमत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसला, त्याच्या निरोपावर इंजेक्टर क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करू लागला, तेव्हा स्वच्छ धूर आणि ताकद एकाच इंजिनात नांदू लागली.

जपानमध्ये तर खुद्द अश्वशक्तीलाच लगाम होता. १९८९ ते २००४ तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवून २८०च्या पुढचा आकडा छापला नाही. त्याच काळात मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचा टॉर्क १९९६च्या ३५३ वरून २००४पर्यंत ४०० न्यूटन-मीटरवर गेला. कागदावर मात्र २८०च.

एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ताज्या मर्सिडीज-एएमजी सी६३मध्ये दोन लिटरचे चार सिलिंडर आणि विजेची मोटर मिळून ६८० अश्वशक्ती देतात, पण गाडीचे वजन दोन टनांच्या वर गेले. आधीच्या व्ही८चा तो घनगंभीर आवाजही गेला. हे नुकसानच आहे. युरोपच्या चाचणीत प्लग-इन गाडीचे विजेवर धावणे उदारपणे धरले जात होते, म्हणून बॅटरी वाहणे कंपनीला परवडले. भांडायचे असेल तर या हिशेबाशी आणि त्या वजनाशी भांडावे.