जखमी कॅडेट कोणाचा? सैन्यातलं अपंगत्व आणि आपले हक्क

निकाल लागले की शाळेत भेटायला येणाऱ्या पालकांपैकी दोन-चार जण तरी एनडीए किंवा अग्निवीर भरतीबद्दल विचारतात. वय किती, उंची किती, पगार किती, सगळं विचारतात. पोरगा प्रशिक्षणातच कायमचा जायबंदी झाला तर पुढे काय, हे कोणी विचारत नाही. अशुभ बोलायला जीभ धजावत नाही. पण ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वर्तमानपत्रातल्या बातमीची स्वतःहून दखल घेतली आणि हाच प्रश्न केंद्र सरकारला विचारला.

बातमी अशी होती की खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची आयएमए अशा संस्थांतून १९८५ पासून सुमारे ५०० कॅडेट्सना प्रशिक्षणातल्या दुखापतीमुळे बाहेर पडावं लागलं. काहींचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, कारण दुखापत झाली तेव्हा ते अजून अधिकारी झाले नव्हते. अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा सानुग्रह रक्कम मिळते, ती जास्तीत जास्त ४० हजारांच्या घरात. कित्येकांच्या औषधोपचाराचा खर्चच त्याहून मोठा.

गंमत पाहा, साधा शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाला प्रशिक्षणात कायमचं अपंगत्व आलं, तर त्याचा अपंगत्व पेन्शनसाठी विचार होतो. अधिकारी व्हायला निघालेल्या पोराला मात्र तो हक्क नाही. मैदान तेच आणि हुकूमही तोच, फरक फक्त कागदावरच्या एका शब्दाचा. न्यायालयाने विमा, वाढीव रक्कम आणि पुनर्वसनाबद्दल सरकारकडे विचारणा केली. त्याच महिन्यात सरकारने या कॅडेट्सना माजी सैनिकांची आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, लागू केली. दवाखान्याचा प्रश्न काहीसा सुटला, पण दर्जाचा आणि पेन्शनचा प्रश्न त्याने मिटत नाही.

जवानांची वाटही सरळ नाही. अपंगत्व किमान २० टक्के हवं आणि ते सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे वाढलेलं हवं. इथेच घोडं अडतं. वैद्यकीय मंडळ एका ओळीत लिहितं, ‘सेवेशी संबंध नाही’, आणि पेन्शन नामंजूर. धरमवीर सिंग यांचं असंच झालं. १९८५ मध्ये ते सिग्नल्स कोअरमध्ये भरती झाले, फेफऱ्याच्या आजारामुळे घरी पाठवले गेले आणि पेन्शन नाकारली गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तेव्हा निरोगी होता असंच धरावं. संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. निकाल इतका स्पष्ट असूनही तशीच प्रकरणं अजून लष्करी न्यायाधिकरणात जातात.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. रक्तदाब, मधुमेह अशा आजारांवर निवृत्तीच्या वेळी अपंगत्व पेन्शन घेणाऱ्यांत अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा बरंच जास्त आहे, याकडे ‘कॅग’ने लक्ष वेधलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम बदलले. गैरफायदा थांबलाच पाहिजे. पण चाळणी इतकी बारीक नको की सियाचीनच्या थंडीत खरोखर शरीर गमावलेला माणूसही त्यात अडकेल.

अग्निवीरांचं गणित वेगळं आहे. सेवेमुळे अपंगत्व आलं तर १०० टक्क्यांसाठी ४४ लाख, ७५ साठी २५ लाख आणि ५० साठी १५ लाख रुपये एकरकमी मिळतात. आयुष्यभराची पेन्शन नाही. विशीतल्या पोराला पुढची चाळीस-पन्नास वर्षं काढायची असतात, हे फॉर्म भरण्याआधी घरात बसून बोललं पाहिजे.

ज्यांच्या घरात जवान आहे त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुखापत झाली की तिचा अहवाल त्याच वेळी लिहून घ्यावा, उद्यावर टाकू नये. वैद्यकीय मंडळाच्या कागदांची प्रत मागून घ्यावी. पेन्शन नाकारली तर आधी खात्यात अपील करता येतं, मग लष्करी न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शनाला पैसे लागत नाहीत. आपल्याकडे एकदा ‘नाही’ ऐकलं की ‘नशीब’ म्हणून कागद पेटीत ठेवायची सवय आहे. सब्र चांगलाच, पण अपिलाची मुदत सब्रासाठी थांबत नाही.

सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ मध्ये त्यांनी भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. देशाला आठवण यायला ४६ वर्षं लागली. ज्यांनी पदक आणलं नाही, गावात खाटेवर पडून आहेत, त्यांच्यासाठी नियमच भक्कम हवेत. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर घामाच्या पुढची गोष्ट आहे.