‘निष्क्रिय’ वायूची थोरवी

रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकात हेलियमच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. तो हलका आहे, जळत नाही, कोणाशी सहसा संयोग पावत नाही. म्हणून तो निष्क्रिय. विद्यार्थी हा शब्द पाठ करतो आणि पान उलटतो. या एका विशेषणाने हेलियमवर, आणि त्याहून अधिक विद्यार्थ्यावर, अन्याय केला आहे असे माझे मत आहे.

या मूलद्रव्याची पहिली खूण भारतातच दिसली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदाने गुंटूर येथून सूर्याच्या वर्णपटातील पिवळी रेषा पाहिली. (लॉकियर आपल्या विजयदुर्गास आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी, या दोन ग्रहणांची गल्लत नेहमी होते.) पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅम्झी या रसायनज्ञास सापडला.

पुढे प्रश्न उरला तो त्याचा द्रव करण्याचा. नायट्रोजन उणे १९६ अंशांस द्रव होतो, हायड्रोजन उणे २५३ अंशांस. हेलियम मात्र दाद देईना. हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस यांनी मोनाझाइट नावाच्या वाळूतून तो मिळवून शुद्ध करविला. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून यंत्रे चालू होती. सायंकाळ झाली, तापमापक एका जागी खिळला, आणि पात्रात तर काहीच दिसेना. तेव्हा पाहावयास आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्क्राइनमाकर्स म्हणाले की, तापमापक द्रवात बुडाल्यासारखा वागत आहे. पात्रावर खालून प्रकाश टाकताच द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट दिसला! तापमान होते उणे २६९ अंश. द्रव इतका नितळ की तो समोर असून कोणास दिसला नव्हता.

याहून सुमारे दोन अंश खाली गेल्यावर खरे नवल घडते. उकळणाऱ्या द्रवातील बुडबुडे एकाएकी थांबतात. कारण उष्णता त्यातून इतक्या त्वरेने पसरते की कोणतीही एक जागा अधिक तापत नाही. केसाहून बारीक फटीतून तो अडथळ्यावाचून वाहतो, हे मॉस्कोत कापिझा यांनी व केंब्रिजमध्ये ॲलन आणि मायसनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केले. पेल्यात ठेवला तर त्याचा अतिसूक्ष्म थर काठ चढून बाहेर येतो, आणि पेल्याच्या बुडाशी थेंब लोंबू लागतात. शिवाय, थंड केल्यास द्रव गोठतो हा शाळेतील नियम तो साध्या दाबाखाली मुळीच पाळत नाही. त्यास गोठविण्यास वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब लागतो.

हे पदार्थविज्ञान झाले, रसायनशास्त्र नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. मला तो मान्य नाही. हेलियमच्या अणूतील इलेक्ट्रॉनांचे कवच पूर्ण भरलेले असते. म्हणून तो संयोग पावत नाही. त्याच कारणाने त्याच्या अणूंचे परस्परांतील आकर्षण अत्यंत दुबळे असते. म्हणून इतक्या थंडीतही हलके अणू बांधले जात नाहीत आणि द्रव द्रवच राहतो. ज्या गुणासाठी आपण त्यास निष्क्रिय म्हणून बाजूस सारतो, त्याच गुणातून ही सारी करामत निघाली आहे.

भाषांतर करताना मी आता ‘निष्क्रिय’ टाळतो व ‘राजवायू’ लिहितो. पाठ्यपुस्तकाच्या चार ओळी वाढविता येत नसतील तर नसोत. त्यांतील एक ओळ तरी त्या पाझरणाऱ्या पेल्यास द्यावी.