ट्रिक आणि त्रैराशिक

फराळाचे ताट समोर असताना अंकगणिताचा विषय काढणाऱ्या माणसाला घरातल्या मंडळींनी उठवून लावले, तर त्यात त्यांचा दोष नाही. तरीही मी तो काढणार आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी भरतीची ‘तयारी’ करीत आहे. कोणी पोलिसाची, कोणी तलाठ्याची, कोणी राज्यसेवेची. दिवाळीला ती घरी येतात, चकली तोंडात धरतात आणि पुन्हा ‘अंकगणित व बुद्धिमत्ता’ या नावाच्या जाडजूड पुस्तकात डोके खुपसतात. त्या पुस्तकाबद्दल आणि त्यातून जे शिकवले जाते त्याबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती सणाच्या दिवशीच सांगितली पाहिजे, कारण त्याच दिवशी सारे घर एकत्र असते.

माझा अधिकार विचाराल तर तो थोडाच आहे. मी पेशाने एका लहानशा खाजगी शाळेतला शिक्षक, हौसेने कादंबरीकार आणि शिक्षणाने मॅट्रिक. दिवसा पोरांना पाढे शिकवतो. संध्याकाळी मोठी मुले वह्या घेऊन ओट्यावर येतात. माझा सारा पुरावा त्या ओट्यावरचा आहे.

मागच्या दसऱ्याच्या सुमारास असाच एक मुलगा आला. आईबाप ऊसतोडीला जाणारे; हा तालुक्याच्या गावी खोली करून पोलीस भरतीची तयारी करीत होता. मी सहज विचारले, “ताशी 54 किलोमीटर वेगाने जाणारी दीडशे मीटरची आगगाडी खांब किती वेळात ओलांडील?” माझे वाक्य संपते न संपते तोच तो म्हणाला, “दहा सेकंद, गुर्जी.” मी खूश झालो. म्हटले, “कसे काढलेस?” तो म्हणाला, “54 ला 5 छेद 18 नं गुणायचं. पंधरा येतात. दीडशेला पंधरानं भागायचं.” “पण 5 छेद 18 च का? 7 छेद 20 का नाही?” यावर तो माझ्याकडे असे पाहू लागला की जणू मी त्याला सूर्य पूर्वेलाच का उगवतो ते विचारीत आहे. “ती ट्रिक हाय, गुर्जी. सरांनी पाठ करून घेतलीय.”

किलोमीटरचे मीटर एक हजार, तासाचे सेकंद तीन हजार सहाशे; हजाराला छत्तीसशेने भागले की 5 छेद 18 उरतात. एवढेच काय ते रहस्य! ते सांगायला अर्धा मिनिट लागतो. पण ज्या शिकवणीला त्याने वर्षभर फी भरली तिला हा अर्धा मिनिट सापडला नाही.

जाता जाता एक सांगतो. नगर-बीड-परळी हा रेल्वेमार्ग 1995 साली मंजूर झाला आणि बीड शहरातून नगरकडे पहिली गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. मधल्या तीस वर्षांत आमच्या पोरांनी किती आगगाड्या किती फलाटांवरून पार केल्या असतील याची गणती नाही! गाडी नव्हती तेव्हाही तिचे गणित सुटत होते. कारण ते गाडीचे गणित नव्हतेच, पाठांतराचे होते.

असो. तो मुलगा खरे म्हणजे आगगाडीसाठी आला नव्हता. त्याच्या खिशात मुकादमाची चिठ्ठी होती. मागल्या हंगामात आईबापांनी एका कोयत्यावर एक लाख रुपये उचल घेतली होती. दोघांनी मिळून 240 टन ऊस तोडला. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या मजुरीत 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला 366 रुपये झाला. हिशोब त्याच दराने होता. चिठ्ठीत शेवटी लिहिले होते, ‘बाकी 21,160’. बापाने मुलाला विचारले होते, “एवढा शिकलास, बघ बरं बरोबर हाय का.” आणि मुलाने ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून जे विचारले ते मी जन्मभर विसरणार नाही. तो म्हणाला, “गुर्जी, ह्याला पर्याय न्हाईत का?”

अ, ब, क, ड असे चार पर्याय असते तर त्याने त्यातला एक नक्की उचलला असता. पण मुकादमाच्या चिठ्ठीला पर्याय नसतात. मी त्याला पाटी दिली. 240 गुणिले 366 म्हणजे 87,840. लाखातून वजा केले की उरतात 12,160. चिठ्ठीत होते 21,160. नऊ हजारांचा फरक! हात चुकला होता की मन, ते मला माहीत नाही आणि मी त्याचा निवाडाही करणार नाही. पण त्या नऊ हजारांचा अर्थ मी मुलाला काढावयास लावला. टनाला 366 प्रमाणे नऊ हजार फेडायचे म्हणजे जवळजवळ पंचवीस टन ऊस. नवराबायको दिवसाला दोन टन तोडतात असे धरले, तर साडेबारा दिवस. पहाटेच्या थंडीत, दुसऱ्याच्या फडात, एका उलट्या पडलेल्या आकड्यासाठी त्याच्या आईने साडेबारा दिवस जादा कोयता चालवला असता. मुलगा बराच वेळ बोलला नाही. नंतर चिठ्ठी दुरुस्त झाली, हेही सांगून टाकतो.

आता ती चूक माझ्या झटकन लक्षात कशी आली? फरक नऊ हजारांचा, म्हणजे नऊने भाग जाणारा. जुने दिवाणजी सांगत की जमाखर्चात फरक पडला आणि त्याला नऊने निःशेष भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी पाहावे. कोणी म्हणेल, “मास्तर, ही तर तुमचीच ट्रिक झाली!” नाही. ही युक्ती आहे, आणि युक्ती व ट्रिक यांत फरक आहे. बारा म्हणजे एक दहा आणि दोन; एकवीस म्हणजे दोन दहा आणि एक. अंकांची जागा बदलली की एक दहा वाढतो आणि एक एकक कमी होतो, म्हणून फरक नऊच्या पटीतच पडतो. हे ‘म्हणून’ ज्याला ठाऊक आहे त्याची ती युक्ती. ज्याला ठाऊक नाही त्याची ती ट्रिक. युक्ती विसरली तर पुन्हा रचता येते. ट्रिक विसरली की माणूस जागच्या जागी आंधळा होतो. युक्ती कोठे चालणार नाही हेही तिचा धनी जाणतो. ट्रिकवाला ती वाटेल तेथे चालवतो आणि खड्ड्यात पडतो.

हे काही मी नवे सांगत नाही. भास्कराचार्य 1114 साली जन्मले. त्यांनी 1150 साली सिद्धांतशिरोमणी रचला आणि लीलावती हा त्याचाच भाग. त्यांनी आपले गाव विज्जलविड म्हणून सांगितले आहे. ते विज्जलविड म्हणजेच आमचे बीड, असे मानणारे काही विद्वान आहेत. दुसरे काही चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात, जेथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो वाद विद्वानांनी मिटवावा. मला एवढेच सांगायचे आहे की त्या लीलावतीत त्रैराशिक आहे, पंचराशिक आहे, भुंगे आहेत, मोर आणि साप आहेत, मोडलेला वेळू आहे. आधी रीत, मग उदाहरण, असा क्रम आहे. आणि त्याच आचार्यांनी गोलाध्यायात बजावले आहे की उपपत्तीवाचून नुसते गणित करणाऱ्याला जाणत्यांच्या सभेत मान मिळत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी घोकून घेणारे आमचे जुने पंतोजीही घोकंपट्टीचेच भोक्ते होते, हे मी कबूल करतो. पण त्यांनी घोकवलेली सवायकी बाजारात रोज उपयोगी पडत असे. आज घोकलेली ट्रिक परीक्षेच्या दारात चप्पलसारखी काढून ठेवावी लागते.

शिकवणीवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, “मास्तर, वेळ कोठे आहे? 2023 च्या तलाठी परीक्षेत शंभर प्रश्न आणि दोन तास. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद. जागा चार हजार सहाशेच्या घरात आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. येथे उपपत्ती सांगत बसलो तर पोरगा मागे पडेल.” त्यांचे हे म्हणणे खोटे नाही. दोष एकट्या त्यांचा नाही. ज्यांनी परीक्षा अशी आखली त्यांचा अधिक आहे. चाळणीला भोके लहान केली की धान्य चांगले निघते, अशी त्यांची समजूत दिसते. पण चाळण आकार पाहते, कस पाहत नाही. 72 सेकंदांत कळते ते एवढेच, की हा प्रश्न पोराने पूर्वी पाहिला आहे की नाही. आणि पूर्वी पाहण्यासाठी खोलीभाडे, खाणावळ आणि फी लागते. वर्षानुवर्षे हा खर्च ज्याला झेपतो त्याच्या बाजूने ही चाळण झुकलेली आहे, आणि तिला आपण गुणवत्तेचे नाव देतो!

बुद्धिमत्ता म्हणून जे विचारतात त्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. संख्यामालिका घ्या : 1, 2, 4, 8, पुढे काय? सारे म्हणतात सोळा. माझ्या ओट्यावरची एक मुलगी म्हणाली, “पंधरा.” मी म्हटले, “कसे?” ती म्हणाली, “गुर्जी, भोपळा घ्या. सुरी लावली नाही तर एक. तुकडे न हलवता एकदा आरपार कापला की दोन, दोनदा कापला की जास्तीत जास्त चार, तिसऱ्यांदा आठ. आणि चौथ्यांदा कसाही कापा, पंधराच्या वर जात नाही.” तिने हे कोठेतरी वाचले होते, पण पटवून घेतले होते स्वतः; आणि ते अगदी बरोबर आहे. आता सांगा, परीक्षेत तिला गुण मिळेल काय? तिथे ‘पंधरा’ या पर्यायापुढे फुली पडणार. म्हणजे प्रश्न आकड्यांचा नसून प्रश्न काढणाऱ्याच्या मनात काय आहे त्याचा आहे. साहेबाच्या मनातले ओळखणे ही विद्या सरकारी नोकरीत उपयोगी पडत असेल, मी नाकारीत नाही. पण तिला बुद्धिमत्ता म्हणू नका.

आणि ज्यांनी हे गणित विचारले त्यांचेच गणित पाहा. त्याच तलाठी परीक्षेचा निकाल 2024 च्या जानेवारीत लागला, तेव्हा 200 पैकी 214 गुण मिळालेले उमेदवार यादीत दिसले. निरनिराळ्या सत्रांच्या निरनिराळ्या प्रश्नपत्रिका, कोणती सोपी, कोणती अवघड; म्हणून गुणांचे सामान्यीकरण केले, असे सांगण्यात आले. त्या सूत्राला आधार नाही असे मी म्हणणार नाही. संख्याशास्त्रात अशा रीती आहेत. पण ज्या पोराला आम्ही पाचवीपासून शिकवतो की भाग पूर्णाहून मोठा नसतो, त्याला हे ‘म्हणून’ समजेल अशा भाषेत आधी कोणी सांगितले? वरूनच उपपत्ती गाळून सूत्र फेकले जाते. मग खालच्या शिकवणीवाल्याने तेच केले तर त्याला काय म्हणावे?

कोणी याचा अर्थ असा घेऊ नये की परीक्षेतून गणित काढून टाका असे मी म्हणतो. उलट माझे मत असे आहे की गरिबाच्या मुलासाठी गणिताइतका न्यायी विषय दुसरा नाही. इतिहासात कोण काय म्हणाले ते त्याला दुसऱ्याच्या पुस्तकातून घ्यावे लागते. पण 240 ला 366 ने गुणले तर किती, हे त्याला कलेक्टरही फिरवून सांगू शकत नाही. ते तो स्वतः ताडून पाहू शकतो. ही ताडून पाहण्याची ताकद, तीच ट्रिक त्याच्यापासून हिरावून घेते. माझे भांडण आहे ते याच्याशी.

मग करावे काय? प्रश्न निम्मे करा आणि वेळ तोच ठेवा. निवडीच्या शेवटच्या पायरीवर तरी चार गणिते रीतीसह लिहून घ्या. तेवढ्या वह्या तपासायला माणसे मिळतील. आणि प्रश्न कामाचे विचारा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव मोठे झाले, काम तेच आहे. त्याला विचारा : 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर; तर सव्वातीन एकर तीन भाऊ आणि दोन बहिणींत सारखे कसे वाटशील? अतिवृष्टीत सव्वा हेक्टरातले चाळीस आर सोयाबीन गेले, तर पंचनाम्यात शेकडा किती नुकसान लिहशील? हे ज्याला समजून करता येते त्याला खुर्चीवर बसवा. उद्या त्याच्याकडे चिठ्ठी घेऊन कोणाचा तरी बाप येणार आहे, आणि त्या चिठ्ठीला पर्याय नसणार.

सरकार हे ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर घरातल्या मंडळींनी एक करावे. दिवाळीच्या किराण्याची यादी अजून फडताळात असेल, ती काढावी आणि तयारी करणाऱ्या मुलाला म्हणावे, “बाळ, एवढी बेरीज ताडून दे.” त्याने उत्तर दिले की आणखी एकच प्रश्न विचारावा, “कसे काढलेस?” तो चिडेल. चिडू द्या. त्याला एक करंजी द्या आणि पुन्हा विचारा.