चाकांवरचा ओटा

नवरा-बायकोनं घरासारखी गाडी घेऊन कोकणचा किनारा पालथा घालावा, असा हल्ली आग्रह दिसतो. माझा त्याला सक्त विरोध आहे. अहो, घरासारखी म्हणजे काय? आत ओटा, शेगडी आणि चिमुकली मोरी! वेश्वीला गाडी फेरीबोटीत चढवून सावित्री ओलांडा, दाभोळला वाशिष्ठी, तवसाळला शास्त्री. तीन खाड्या मागं पडल्या तरी खरकटी भांडी अलीकडच्या तीरावर राहत नाहीत. नवरा सूर्यास्त बघणार, बायको कुकरच्या शिट्ट्या मोजणार. याला सहल म्हणायचं?

त्यापेक्षा एस.टी.नं गुहागर गाठावं. खाणावळीत दुसऱ्या कुणी रांधलेला भात आणि सोलकढी पुढ्यात आली, की आमच्या हिचा चेहरा बघावा. घरी तो असा एकदाच उजळला होता. त्या दिवशी सिलिंडर संपला होता.